फीचर्ड इमेजचा यूआरएल मेटामध्ये साठवताना

वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मला मिळालेलं पहिलं खरं काम दिसायला छोटं होतं. लेखाला फीचर्ड इमेज (लेखाचं मुख्य चित्र) लावली की तिचा यूआरएल, म्हणजे वेबवरचा पत्ता, आपोआप एका कस्टम फील्डमध्ये (लेखासोबत साठवायच्या जादा माहितीच्या रकान्यात) जायला हवा, कारण एक मोबाइल अ‍ॅप तेच फील्ड वाचणार होतं. मी सेव्ह_पोस्ट या हुकवर (हुक म्हणजे ठरावीक घटना घडली की आपला कोड चालवायची जागा; ही लेख सेव्ह होतानाची) आठ-दहा ओळींचं फंक्शन लावलं, नवा लेख लिहिला, चित्र लावलं, पब्लिश केलं. फील्ड रिकामं! लेखात एक स्वल्पविराम टाकून पुन्हा अपडेट केलं, तर यूआरएल हजर. मग चित्र बदललं, तर फील्डमध्ये जुनंच चित्र. माझं फंक्शन कायम एक पाऊल मागे चालत होतं.

दोन दिवस मी स्वतःचाच कोड उलटसुलट करत बसलो. शेवटी डेटाबेस उघडला, आणि नवशिक्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं असं मला मनापासून वाटतं. पोस्टमेटा टेबलमध्ये त्या लेखाची एक ओळ होती: की (माहितीचं नाव) _थंबनेल_आयडी, व्हॅल्यू (तिची किंमत) ४१२. म्हणजे फीचर्ड इमेज हीच मुळात मेटा (लेखाला जोडलेली जादा माहिती) आहे, आणि त्यात साठतो तो मीडिया लायब्ररीतल्या चित्राचा आयडी. की अंडरस्कोरने सुरू होते, म्हणून ती कस्टम फील्डच्या चौकटीत दिसत नाही, एवढंच.

मग उलगडा झाला. ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आलेला ब्लॉक एडिटर लेख रेस्ट एपीआयमार्फत (प्रोग्रॅमनी वेबवरून साइटशी बोलायच्या वाटेने) सेव्ह करतो. त्यात आधी लेख साठतो, सेव्ह_पोस्ट चालतो आणि फीचर्ड इमेज त्यानंतर जोडली जाते. मी विचारायचो तेव्हा चित्र तिथे आलेलंच नसायचं. ५.६ मध्ये आलेला डब्ल्यूपी_आफ्टर_इन्सर्ट_पोस्ट हा हुक सगळं झाल्यावर चालतो, तो वापरूनही काम झालं असतं. पण मी थेट मेटाच्याच हुकवर गेलो: अ‍ॅडेड_पोस्ट_मेटा आणि अपडेटेड_पोस्ट_मेटा. चित्र वर्डप्रेसच्या कोणत्याही वाटेने बदललं, अगदी दुसऱ्या प्लगइनने (जोड-प्रोग्रॅमने) बदललं तरी हे हुक चालतात.

फंक्शनची पहिलीच ओळ अशी हवी: की _थंबनेल_आयडी नसेल तर परत फिर. ही ओळ नसेल, तर तुम्ही स्वतः मेटा लिहिलीत की तोच हुक पुन्हा चालतो आणि फंक्शन चक्रात अडकू शकतं. अ‍ॅड_अ‍ॅक्शन या, फंक्शन हुकला जोडणाऱ्या आज्ञेत प्राधान्य १० आणि आर्ग्युमेंट (फंक्शनला मिळणारे माहितीचे तुकडे) ४ असं स्पष्ट लिहा; नाहीतर फंक्शनला एकच आर्ग्युमेंट मिळतं आणि पानावर एरर येते. चित्र काढून टाकलं जाईल त्या वेळेसाठी डिलीटेड_पोस्ट_मेटा विसरू नका. मी विसरलो होतो, आणि काढलेली चित्रं अ‍ॅपमध्ये तशीच दिसत राहिली.

कोड थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फंक्शन्स फाइलमध्ये नको, छोट्या प्लगइनमध्ये ठेवा. थीम बदलली की तिच्यातला कोड चालायचा थांबतो.

आणि काम हातात घेण्याआधी विचारा, की यूआरएलच का हवा? डोमेन बदललं की साठवलेले सगळे यूआरएल जुने होतात, आयडी मात्र टिकतो. वाचणारा प्रोग्रॅम वर्डप्रेसच्या आतलाच असेल तर आयडीवरून यूआरएल केव्हाही काढता येतो, मग वेगळी मेटा लागतच नाही. माझं अ‍ॅप बाहेरचं होतं आणि त्याला तयार यूआरएलच हवा होता, म्हणून मी तो साठवला.

जुन्या लेखांना हे हुक लागू होत नाहीत, कारण त्यांची मेटा आधीच लिहिलेली असते. त्यांच्यासाठी एकदाच चालवायची वेगळी स्क्रिप्ट लिहिली, शंभर-शंभर लेखांच्या तुकड्यांत, आणि आधी साइटच्या प्रतीवर चालवून पाहिली.