कोरडा न पडणारा चिकन-पास्ता बेक

बेक केलेला पास्ता कोरडा झाला की बोल ओव्हनला लागतो. बहुतेक वेळा गडबड आधीच झालेली असते: पास्ता पूर्ण शिजवलेला आणि सॉस घट्ट. ओव्हनमध्ये पास्ता सॉस पीत राहतो, त्यामुळे दोन्हींत थोडी कसर ठेवूनच डिश आत जायला हवी.

चार जणांसाठी २५० ग्रॅम पेने किंवा दुसरा आखूड, पोकळ पास्ता, ४०० ग्रॅम बोनलेस चिकन, ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा, पाऊण लिटर दूध आणि १५० ग्रॅम किसलेलं चीज घ्या. शिवाय एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, मिरपूड, जायफळ आणि वाटीभर ब्रेडचा चुरा. चिकन मांडीचं असेल तर उत्तम. छातीचं लवकर चरबरीत होतं.

ओव्हन १९० अंशांवर तापत ठेवा. पास्ता भरपूर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात टाका आणि पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच काढा. तुकडा तोडून पाहिला तर मध्ये कणी दिसली पाहिजे. पास्ता निथळताना कपभर पाणी बाजूला काढून ठेवा, ते लागणार आहे.

चिकनचे इंचभर तुकडे करून मीठ-मिरपूड लावा. रुंद पॅनमध्ये तेल चांगलं तापलं की ते एका थरात पसरा आणि लगेच ढवळू नका. खालची बाजू तांबूस झाल्यावरच उलटा. गर्दी केली तर पाणी सुटतं आणि चिकन नुसतंच उकडतं. तुकडे आतपर्यंत शिजले की काढून घ्या आणि त्याच पॅनमध्ये कांदा-लसूण परता. तळाला चिकटलेलं खरवडून त्यात मिसळा, चव तिथेच असते.

आता सॉस. कांद्यावरच बटर वितळवून मैदा घाला आणि मंद आचेवर दोनेक मिनिटं परता. कच्चट वास जायला हवा, रंग मात्र बदलायला नको. दूध थोडं थोडं घालत रवीने घोटा. पहिल्या अर्ध्या कपाला मिश्रण गोळा होऊन बसेल. घाबरू नका, घोटत राहा, पुढच्या दुधाबरोबर ते सैल होतं. उकळी आल्यावर पाचेक मिनिटं शिजवा. मग पास्त्याचं पाणी घालून सॉस पळीवरून सहज ओघळेल इतका पातळ करा. थोडा जास्तच पातळ वाटला तरी हरकत नाही.

गॅस बंद करून मगच जायफळ आणि दोन तृतीयांश चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज फाटतं आणि रवाळ होतं. तार सुटायला मोझरेला, चवीला चेडर. मी दोन्ही निम्मं-निम्मं घेते. पाकिटातलं किसलेलं चीज एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बहुधा स्टार्च लावलेला असतो, तेव्हा वडी आणून घरीच किसलेलं बरं. मीठ शेवटी चाखून घाला, चीजमध्ये ते असतंच.

पास्ता आणि चिकन सॉसमध्ये कालवून बटर लावलेल्या बेकिंग डिशमध्ये ओता. उरलेलं चीज आणि चमचाभर वितळलेल्या बटरमध्ये चोळलेला ब्रेडचा चुरा वरून पसरा. वीस ते पंचवीस मिनिटांत कडा खदखदायला लागतात आणि माथा सोनेरी होतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या, नाहीतर वाढताना सॉस पळेल.

हे सगळं आदल्या दिवशी रचून फ्रीजमध्येही ठेवता येतं, मात्र सॉसमध्ये आणखी अर्धा कप दूध घाला आणि ब्रेडचा चुरा बेक करतानाच टाका. काचेची थंडगार डिश थेट तापल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडकू शकते. उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. गरम करताना दुधाचा हबका मारून वर झाकण ठेवा.