बार्शी लाइटची बोगी वॅगन बागेतल्या रुळांसाठी कशी बांधावी

बागेतल्या रेल्वेसाठी, म्हणजे अंगणात रूळ टाकून चालवायच्या लहान मॉडेल गाडीसाठी, पहिली वॅगन बांधायला घेतली की सल्ला ठरलेला असतो: चार चाकांची आखूड वॅगन करा, बोगीच्या भानगडीत पडू नका. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. बोगीत एकच अवघड जागा आहे. ती समजून घेतली की बाकी काम सुतारकाम आणि धीर, इतकंच. (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट. गावाला जाताना आपण ज्यात बसतो ती नव्हे.)

नमुना म्हणून बार्शी लाइट रेल्वेची उघडी मालवॅगन घ्या. 1897 साली सुरू झालेली ही 2 फूट 6 इंच गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) लाइन एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरने आखली. कुठल्याही ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशोब. म्हणून हलके रूळ, आणि भार वाटून घ्यायला बोगीच्या लांब वॅगनी. मालवॅगनींची अंडरफ्रेम, म्हणजे पेटीखालची आडवी चौकट, एकाच मापाची: 25 फूट लांब, 7 फूट रुंद. बांधणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? एक अंडरफ्रेम जमली की तिच्यावर उघडी, बंद, सपाट, हवी ती वॅगन चढवता येते.

प्रमाण

रूळ 45 मिमी गेजचे धरते, कारण बहुतेकांकडे तेच असतात. 2 फूट 6 इंच म्हणजे 762 मिमी, आणि 762 भागिले 45 म्हणजे जवळपास 1:17. सोप्या भाषेत, एक फूट बरोबर 18 मिमी. अंडरफ्रेम आली 450 गुणिले 126 मिमी. कॅल्क्युलेटर ठेवून द्या.

"1:22.5 मध्ये करा, सगळं तयार मिळतं" असं कोणीतरी म्हणेलच. 1:22.5 हे प्रमाण 45 मिमीच्या रुळांवर मीटर गेज (खऱ्या रुळांत एक मीटर अंतर) दाखवण्यासाठी आहे. त्या प्रमाणात बार्शीचं गेज 34 मिमी होतं. 45 वर ठेवलेली वॅगन मग पाय फाकवून उभी राहिल्यासारखी दिसते आणि ते कितीही रंगकाम केलं तरी लपत नाही.

साहित्य

अंडरफ्रेमला पितळी पट्ट्या किंवा चांगला वाळलेला साग. वरच्या पेटीला 3 मिमी पीव्हीसी फोमबोर्ड, तोच जो पाट्या बनवणारे वापरतात. त्यांच्याकडचे उरलेले तुकडे मागा, बहुतेक वेळा फुकट मिळतात. एमडीएफ आणू नका, पहिल्या पावसात फुगतं. थ्रीडी प्रिंटचे भाग वापरायचे तर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापू नका. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात गच्चीवर काळी वॅगन तासभर उन्हात राहिली तर तेवढी तापते. एएसए किंवा एबीएस चालेल.

चाकं विकतच घ्या, धातूची. प्लॅस्टिकची चाकं हलकी असतात, रुळावर काळी घाण पसरवतात आणि गोल असतीलच याची खात्री नाही. घरी आल्यावर व्हर्निअरने दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. 45 मिमी गेजला ते 40 ते 41 मिमी हवं. एका पाकिटातल्या सगळ्या जोड्या सारख्या असतील असं समजू नका. रुळातून वीज चालवणारा कोणी मित्र तुमच्याकडे इंजिन घेऊन येणार असेल तर इन्सुलेटेड चाकं घ्या. तुमची स्वतःची गाडी बॅटरीवर किंवा वाफेवर असली तरी.

अंडरफ्रेम

गुण्या लावून काटकोनात जोडा. सपाट काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा. टेकत नसतील तर पुन्हा जोडा, "पुढे ॲडजस्ट होईल" असं म्हणू नका. बोगीच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मी 300 मिमी ठेवते.

बोगी: इथे थांबा

बागेतला रूळ कधीच सपाट नसतो. सोलापूर, लातूर, धाराशिव या पट्ट्यातली, म्हणजे मूळ बार्शी लाइन जिथून जायची तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुमच्या अंगणातही तीच माती असेल तर आज लेव्हल लावून बसवलेला रूळ दिवाळीपर्यंत पिळलेला असणार. खडी कितीही घाला. एक रूळ एका जागी दोन मिलिमीटर खचला की ताठ वॅगनचं एक चाक हवेत लोंबतं, वळणावर त्याची कड रुळावर चढते, आणि वॅगन बाहेर.

मला सुरुवातीला याचं कारण कळत नव्हतं. वॅगन दर वेळी त्याच वळणावर पडायची आणि मी रूळच दुरुस्त करत बसायची. भेटणारा प्रत्येक जण एकच तोडगा सांगायचा: वजन वाढव. वजनाने ताठ चौकट लवचीक होत नाही. जड वॅगन पडते तेव्हा फक्त जास्त मोडते, आणि जाताना पुढची दोन घेऊन पडते. हा सल्ला आजही तितक्याच आत्मविश्वासाने दिला जातो, म्हणून मी अजूनही चिडते.

खरा उपाय वॅगनला रुळाचा पीळ सोसता येईल अशी बांधणं हा आहे. त्यासाठी दोन ठिकाणी हालचाल मोकळी सोडावी लागते: एक बोगीच्या आत, दुसरी बोगी आणि अंडरफ्रेम यांच्यामध्ये.

आधी बोगीच्या आतली. बोगीला दोन बाजूच्या पट्ट्या आणि मध्ये एक आडवी तुळई असते. मूळ बार्शी वॅगनची बोगी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची होती, म्हणजे बाजूची पट्टी एक सपाट पत्रा आणि कडेला वळवलेली धार. मॉडेलमध्ये 1.5 मिमी पितळी पत्रा कापा, कडेने बारीक पट्टी सोल्डर करा, मूळ रूप आलंच. ॲक्सलच्या टोकांसाठी पत्र्यात पितळी बुश (ॲक्सलचं टोक ज्यात फिरतं ती छोटी नळी) बसवा. दोन्ही पट्ट्यांची भोकं एकत्र, एकावर एक धरून पाडा. वेगवेगळी पाडली तर ॲक्सल तिरके बसतात आणि वॅगन आयुष्यभर एका बाजूला खेचत राहते.

आता मुद्द्याची गोष्ट. एक पट्टी तुळईला पक्की जोडा, काटकोनात. दुसरी पट्टी तुळईच्या टोकाला एकाच एम3 स्क्रूने, पट्टीच्या बरोबर मध्यावर, अशी जोडा की ती पुढे-मागे डोलू शकेल. नायलॉक नट वापरा, तो हवा तिथेच थांबतो. पट्टी डोलली पाहिजे, पण आडवी हलता कामा नये. नट पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्या, तेवढं पुरतं. बुशमध्ये ॲक्सलला किंचित ढिलाई ठेवा, 0.2 ते 0.3 मिमी, नाहीतर पट्टी डोलताना ॲक्सल अडकतो. असं केलं की बोगीची चारही चाकं, रूळ कसाही असो, टेकलेली राहतात.

मग बोगी आणि अंडरफ्रेममधली जोड. तीन दगडांच्या चुलीवर भांडं ओबडधोबड जमिनीवरही न डुगडुगता बसतं, चौथा दगड आला की डुगडुगलंच. वॅगनलाही तीनच आधार द्यायचे. एका टोकाच्या बोगीला दोन आधार: तुळईवर पिव्होटच्या (बोगी ज्याभोवती फिरते त्या मधल्या बोल्टच्या) डाव्या-उजव्या बाजूला एकेक पितळी तुकडा, अंडरफ्रेम त्यांवर टेकलेली. या तुकड्यांचा माथा कानशीने गोल करा आणि ते पुढे-मागे रुंद ठेवू नका, कारण या बोगीला डावी-उजवीकडे झुकायचं नसलं तरी पुढे-मागे मान डोलवायची असते. दुसऱ्या टोकाच्या बोगीला एकच आधार: बोल्टभोवती मध्ये एक घुमटाकार वॉशर, आणि दोन्ही कडांना अंडरफ्रेमपासून निदान 2 मिमी मोकळी जागा. ही बोगी चारही दिशांना झुकते.

दोन्ही बोगी मोकळ्या सोडू नका. नवखे लोक "जितकं मोकळं तितकं बरं" म्हणून हेच करतात, आणि मग वॅगन एका अंगावर कलून चालते. दोन्ही घट्ट ठेवल्या तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. स्प्रिंग घालायचा मोहही टाळा. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंग एवढ्या हलक्या वॅगनसाठी फार कडक असतात, दबतच नाहीत. दिसायला हव्या असतील तर नुसत्या चिकटवा.

रंग लावण्याआधी चाचणी घ्या. वॅगन आरशावर ठेवा. जुनं एटीएम कार्ड 0.76 मिमी जाडीचं असतं. त्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून एका चाकाखाली सरकवा, म्हणजे दीड मिलिमीटरचा पीळ झाला. आता पातळ कागदाची पट्टी बाकीच्या प्रत्येक चाकाखाली सारून बघा. कागद अडखळला तर चाक टेकलेलं आहे, सहज गेला तर ते हवेत आहे. आठही चाकांखाली तुकडा ठेवून हे करा. एकाही ठिकाणी कागद सहज गेला तर पुढे जाऊ नका, कारण तीच जागा नंतर वळणावर तुम्हाला गाठणार.

शेवटी बोगी फिरवून बघा. 1 मीटर त्रिज्येच्या वळणावर 300 मिमी अंतराच्या बोगीला सुमारे 9 अंश वळावं लागतं. दोन्हीकडे 12 अंशांपर्यंत वळताना चाकाची कड अंडरफ्रेमला घासत नसेल तर ठीक. घासत असेल तर अंडरफ्रेमला खाच पाडा, पण वॉशर वाढवून वॅगन उंच करू नका. उंच झालेली नॅरो गेज वॅगन लगेच खेळण्यासारखी दिसते.

वजन

काल्थ्रॉपचाच हिशोब घ्या: चार ॲक्सल, प्रत्येकी 5 टन, म्हणजे भरलेली वॅगन जास्तीत जास्त 20 टन. वजन प्रमाणाच्या घनाने कमी होतं. 17 चा घन 4913, तेव्हा मॉडेलचे झाले सुमारे 4 किलो. एवढं कोणीही ओढू नये. रिकामी वॅगन किलोच्या आसपास असली की पुरे. कमी पडत असेल तर शिशाच्या पट्ट्या अंडरफ्रेमच्या खालून, तुळयांच्या जवळ चिकटवा. पेटीच्या तळात नाही आणि मधोमध तर नाहीच.

पेटी

फोमबोर्डवर बोथट सुरीने फळ्यांच्या रेघा ओढा. कोपरे इपॉक्सीने जोडा. फेव्हिक्विक उन्हात ठिसूळ होतं.

कप्लर

कप्लर म्हणजे दोन वॅगनी जोडणारा आकडा. मूळ गाडीप्रमाणे मध्यभागी एकच. तो अंडरफ्रेमवर लावायचा की बोगीवर, यावर वाद घालण्यात लोकांचे रविवार जातात. बोगीवर लावलेला कप्लर गाडी मागे ढकलताना बोगीलाच तिरकी करतो, म्हणून मी अंडरफ्रेमवर लावते. पण मग त्याला आडवी मोकळीक हवी. 450 मिमीच्या वॅगनचं टोक दीड मीटर त्रिज्येच्या वळणावर रुळाच्या मध्यापासून 9 ते 10 मिमी बाहेर जातं, 1 मीटरवर 14 मिमी. कप्लरची खाच तेवढी रुंद करा. तुमच्याकडे 1 मीटरहून लहान वळणं असतील तर ही वॅगन बांधण्याआधी वळण बदला.

बारकावे

बागेत वॅगन दीड-दोन मीटरवरून दिसते, आणि हातात घेतली जाते ती फक्त उचलून ठेवताना. त्यामुळे जे सावली पाडतं ते करा: दाराच्या बिजागऱ्या, उभे खांब, कोपऱ्यांच्या पट्ट्या, ब्रेकचा लांब दांडा. रिव्हेटसाठी पातळ पत्र्यावर मागून बोथट खिळ्याने ठोके द्या, पट्टी लावून, एका ओळीत. ओळ वाकडी झाली तर पत्रा टाकून द्या, वाकडे रिव्हेट लांबूनही दिसतात. बारीक लोंबणारे पाइप, तारा करू नका. मांजर आहे, पारिजातकाची फांदी आहे, पाहुण्यांची मुलं आहेत.

माल हवा असेल तर कापसाच्या गाठी. बार्शी ही कापसाची बाजारपेठ होती, आणि सुदैवाने गाठी हलक्या करता येतात: स्पंजचे ठोकळे, वरून जुन्या गोणपाटाचा पातळ तुकडा, सुतळीचे वळसे. दगडगोटे भरू नका, गुरुत्वमध्य वर जातो आणि बोगीवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

रंग आणि देखभाल

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड प्रायमर, वर मॅट राखाडी, वर मॅट वार्निश. पितळ आधी घासपेपरने खरखरीत करा, नाहीतर रंग सालासारखा निघतो. अक्षरं बी.एल.आर. (बार्शी लाइट रेल्वे), पांढरी, मोठी. धुळकट दिसण्यासाठी अंगणातलीच माती वस्त्रगाळ करून वार्निश ओलं असताना कोरड्या ब्रशने थापा. विकतच्या पावडरींपेक्षा ती चांगली दिसते, कारण तिचा रंग रुळाखालच्या मातीशी जुळतो.

ॲक्सलला तेल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि तिचाच घासपेपर होतो. ग्राफाइटची पूड टाका. पावसाळा संपला की वॅगन पुन्हा आरशावर ठेवून कार्ड आणि कागदाची चाचणी घ्या, आणि डोलणाऱ्या पट्टीचा नट हाताने तपासा. तिथे गंज नाही तर माती साचते, आणि मातीने पट्टी जाम झाली की वॅगन पुन्हा ताठ होते.