पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलताना या चुका टाळा

नवीन बेअरिंग बसवल्यावर महिनाभरात पुन्हा तीच घरघर सुरू झाली, तर दोष बहुतेक वेळा बेअरिंगचा नसतो, बसवण्याचा असतो. बऱ्याच लहान गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाकाला धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) त्या बेअरिंगमध्ये घट्ट दाबून बसवलेला असतो. खालच्या चुका अशा रचनेतल्याच आहेत. बोल्टने बसणारं तयार हब युनिट असेल, तर दाबण्याची भानगडच नसते.

आधी बेअरिंगच गेलंय ना, हे बघा. टायर उंचसखल झिजला तरी घरघर येते. एकाच बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. आवाज मागे गेला तर टायर. डावीकडे वळताना आवाज वाढत असेल तर संशय उजव्या बेअरिंगवर, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा; खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलं वाटलं, तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) तपासा.

ड्राइव्ह शाफ्टचं (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) हबच्या मधोमध असलेलं मोठं नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि त्याआधी त्याची ठोकून दाबलेली कड छन्नीने उचला. नंतर गाडी स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर नको. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या पाइपला लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. शाफ्ट बाहेर ओढू नका, आतला जॉइंट निखळतो. नकल त्याच्यावरून सरकवा. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर असेल तर तो आधीच काढून बाजूला ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या रिंगवर जोर देणं. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर हवा. हब घालताना खालून आधार आतल्या रिंगला हवा. उलट केलंत तर सगळा दाब छर्ऱ्यांमधून जातो, रिंगवर बारीक खळगे पडतात आणि ते डोळ्याला दिसतही नाहीत. हातोड्याने ठोकल्यावर हेच होतं. प्रेस नसेल तर नकल सोडवून टर्नरकडे न्या, पण आधार कुठे द्यायचा ते उभं राहून बघा. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग बाहेरून जरा घासून घेतली, तर दाबायला तिच्याइतका अचूक तुकडा मिळणार नाही.

हब काढताना आतली अर्धी रिंग त्यावरच अडकून येते. ग्राइंडरने तिला तिरकी खाच पाडा, पूर्ण कापू नका, मग छन्नीने फोडा, चष्मा घाला. खाली हबवर ओरखडे किंवा निळसर जळका डाग दिसला, तर हबही बदला. झिजलेल्या हबवर नवी रिंग फिरत राहते. नकलची खाच नीट पुसा, नाहीतर सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) त्यात पूर्ण बसत नाही.

एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडेच हवी. बारीक लोखंडी पिन टेकवली तर पट्टीच्या बाजूला हलकी ओढ लागते. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा विझत नाही, आणि सरळ करायला काढलं की ते बेअरिंग वाया जातं.

शेवटी शाफ्टचं मोठं नट नवीनच लावा. आतल्या रिंगचे दोन्ही भाग तेच आवळून धरतं, म्हणून ते पक्कं होईपर्यंत चाकावर गाडीचं वजन टाकू नका, दोन फूट ढकलूही नका. स्टँडवरच, एकाने ब्रेक दाबून धरून टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळा. हवेच्या गनने नको. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या, तो मॉडेलप्रमाणे बदलतो. मग नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोका. स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या.