आवडत्या संगीतकाराच्या अल्बमचं कव्हर कसं करावं

चित्र काढता येतं आणि साधनं हाताशी आहेत, हे गृहीत धरलंय.

आधी करार, तोही लेखी. चित्र फक्त स्ट्रीमिंगला वापरणार की रेकॉर्ड (तबकडी), पोस्टर, टी-शर्टवरही, मूळ चित्र कोणाकडे राहणार, किती वेळा बदल करून द्यायचे, पैसे कधी मिळणार. एवढं एका पानात मावतं. आवडत्या माणसाशी पैशाचं बोलताना जीभ अडखळते. अडखळू दे, पण बोला. बीटल्सचं 1967 चं 'सार्जंट पेपर'चं कव्हर आज जगभर ओळखलं जातं. ते करणाऱ्या पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांना सुमारे 200 पौंड एकरकमी मिळाले होते.

मग माप. डिजिटलसाठी 3000 बाय 3000 पिक्सेलचा चौरस, आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचे रंग. रेकॉर्डही निघणार असेल तर 12 इंची कव्हर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) आणि कडेने 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरावं लागतं, म्हणून 4000 पिक्सेलच्या खाली सुरुवातच करू नका. छापखान्याचा टेम्पलेट, म्हणजे मापांचा आराखडा, आधीच मागून घ्या.

आता खरं अवघड काम: काय काढायचं ते ठरवणं. मला हाच टप्पा सगळ्यात जड गेला, आणि याच टप्प्याबद्दल सगळ्यात भंपक सल्ले मिळतात. 'डोळे मिटून ऐका, जे दिसेल ते काढा' हा त्यातला पहिला. अनोळखी बँडचं काम असेल तर कदाचित चालेल. पण ज्याची गाणी तुम्ही वर्षानुवर्षं ऐकली आहेत, त्याचा आवाज कानावर पडताच दिसतात त्या तुमच्याच आठवणी. तुम्ही जुन्या अल्बमचं चित्र काढायला लागता. तो माणूस मात्र तिथून कधीच पुढे निघून गेलेला असतो. नवा अल्बम केलाय तोच त्यासाठी.

असं चित्र लांबून ओळखू येतं. मधोमध कलाकाराचा चेहरा, हातात वाद्य, भोवती जुन्या गाण्यांतल्या खुणा पेरलेल्या. हे चाहत्याचं पोस्टर झालं. चेहरा काढूच नका, असं माझं ठाम मत आहे. त्याने स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी.

म्हणून काम हातात असेपर्यंत जुने अल्बम बंद. नव्याचे मिक्स (आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवलेली गाणी) आणि गाण्यांचा क्रम मागून घ्या. पहिल्यांदा ऐकताना पेन्सिल लांब ठेवा. दुसऱ्यांदा फक्त गुण लिहा, वस्तू नाही: कोरडं, दाटीचं, ओलसर, सावकाश. आवाज कानाशी आहे की खोलीच्या पलीकडे? वाद्यांमध्ये मोकळी जागा किती? चित्रातलं अंतर, पोत आणि रिकामी जागा इथूनच येते. समजा, गायकाचा श्वास ऐकू येतो इतका माईक जवळ आहे आणि साथीला एकच तंतुवाद्य. मी ओठ काढणार नाही. हाताच्या अंतरावरची भिंत काढेन, चौकटभर, तिचा खरखरीत पोत दिसेल अशी, आणि अगदी कडेला एकच छोटी वस्तू.

शब्दांच्या मागे लागू नका. गाण्यात होडी आहे म्हणून कव्हरवर होडी आली, की ते एकाच गाण्याचं कव्हर होतं आणि बाकीची गाणी पोरकी होतात.

कलाकाराशी बोलताना 'कसं हवंय?' असं विचारू नका. उत्तर येतं, 'तुम्हाला हवं तसं करा.' या वाक्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की त्याचं अजून ठरलेलं नाही आणि ते ठरणार तुमचं चित्र पूर्ण झाल्यावर. त्यापेक्षा विचारा: कोणतं गाणं शेवटच्या क्षणी गळणार होतं? रेकॉर्डिंगमधून काय काय काढून टाकलं? कोणता रंग अजिबात नको?

आणि कौतुक एकदाच करा, मग तो विषय मिटवा. समोर भक्त बसलाय असं वाटलं की त्याला तुमचं मन मोडवत नाही. तोंडावर 'वा, छान' म्हणतो, आणि नकार चित्र पूर्ण झाल्यावर मॅनेजरकरवी येतो.

यावर उपाय म्हणजे तीन रफ स्केच. राखाडी, मुद्दाम कच्चे, एकमेकांशी न जुळणारे. निवडलं गेलं तर पस्तावाल असं एकही पाठवू नका. 'कुठलं आवडलं?' ऐवजी 'यातलं कुठलं या अल्बमचं नाही?' असं विचारा. याचं उत्तर लोक मोकळेपणाने देतात, आणि ते नाकारताना जे कारण सांगतात, तेच तुम्हाला हवं असतं.

रफ ठरलं की ते फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. आकार ओळखू आला नाही तर रंगाने तो वाचणार नाही.

रंग भरणं तुम्हाला येतंच.

अक्षरांची जागा रफमध्येच सोडा. कलाकाराचं आणि अल्बमचं नाव रिलीजच्या माहितीत जसं आहे अगदी तसंच हवं, ऱ्हस्व-दीर्घासकट. वेबसाइटचा पत्ता, सोशल मीडियाचं हँडल, किंमत यांपैकी काहीही पुढच्या बाजूला नको. स्ट्रीमिंग सेवा असं कव्हर परत पाठवतात. बारकोड मागे.

छपाईची फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, वेगळी करा आणि झगझगीत निळा-हिरवा मंदावेल हे कलाकाराला आधीच सांगा. अक्षरांसकट एक आणि अक्षरांशिवाय एक अशा दोन प्रती द्या, कारण पोस्टरसाठी दुसरी मागितली जातेच. कव्हर अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत त्याचा कोपराही कुठे टाकू नका.