कुंडीतला क्लेमॅटिस : हिवाळा सरताना करायची कामे

थंडी ओसरू लागली की क्लेमॅटिस या फुलवेलाच्या वाळल्यासारख्या दिसणाऱ्या काड्यांवर पेरापेराशी डोळे फुगू लागतात. छोट्या बागेत किंवा गच्चीवर हा वेल नव्याने लावायचा असो, की कुंडीतल्या जुन्या वेलाची छाटणी करायची असो, त्यासाठी हेच दिवस योग्य आहेत. या सल्ल्यात सर्वाधिक भर मुळांवर आहे. वेल बुटका निवडला म्हणजे कुंडीही लहान चालेल, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. क्लेमॅटिसची मुळे खोल जाणारी असतात. त्यांना गारवा आणि ओलावा लागतो, पण साचलेले पाणी अजिबात चालत नाही.

आधी जातीविषयी. क्लेमॅटिसच्या सुमारे ३०० प्रजाती आहेत आणि त्यातल्या सगळ्या कुंडीच्या नाहीत. मोंटाना प्रजातीचा वेल ८ ते १२ मीटरपर्यंत धावतो, म्हणून फोटो कितीही मोहक असला तरी तो कुंडीसाठी घेऊ नये. कुंडीला एक ते दोन मीटरच्या आत राहणाऱ्या जाती हव्यात. एस्टोनियात तयार झालेली गुलाबी-जांभळ्या पट्ट्यांची ‘पीलू’ आणि पोलंडची गडद लाल मखमली ‘वेस्टरप्लाटे’ या चांगल्या परखलेल्या जाती आहेत. ग्वेर्नसी बेटावरच्या रेमंड एविसन यांनी डेन्मार्कच्या पौलसेन रोपवाटिकेबरोबर खास कुंडीसाठी बुटक्या जातींची मोठी मालिका काढली. ‘पिकार्डी’, ‘सेझान’, ‘पॅरिसिएन’ या त्यातल्याच. ‘बिजू’ तर जेमतेम गुडघ्याएवढा राहतो. जुन्या मोठ्या संकरित जातींचे पाय उघडे पडतात आणि फुले शेंड्याकडे जातात. या नव्या जाती मात्र खोडावर खालपासून पेरापेराला फुलतात. छोट्या जागेत उंचीपेक्षा हाच गुण जास्त मोलाचा आहे.

फिकट रंगाच्या जातींना अर्धी सावली द्यावी. १८९७ पासून लावली जाणारी ‘नेली मोझर’ कडक उन्हात अगदी फिकी पडते. गडद लाल आणि जांभळे रंग उन्हात चांगले खुलतात. आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना थंडीत विश्रांती लागते. जिथे हिवाळ्यातही रात्री उबदार राहतात, तिथे हे वेल पानांवरच अडकतात आणि दरवर्षी क्षीण होत जातात. अशा हवामानात यावर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुंडी आणि माती

कुंडी किमान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल असावी. तोंड अरुंद आणि पोट मोठे असलेली कुंडी दिसायला छान असते, पण दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना मुळे तुटल्याशिवाय बाहेर येत नाहीत. काळ्या पातळ प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की भिंतीलगतची मुळे भाजून निघतात. जाड मातीची किंवा लाकडी कुंडी बरी. प्लास्टिकचीच असेल तर ती मोठ्या कुंडीत बसवून मधल्या जागेत माती किंवा वाळलेला पालापाचोळा भरावा. साध्या, न चकाकवलेल्या मातीच्या कुंडीतून ओलावा लवकर उडतो, त्यामुळे तिथे पाण्याकडे जास्त लक्ष लागते.

भरणासाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग जाडी वाळू घ्यावी. नुसत्या कोकोपीटमध्ये वेल पहिल्या वर्षी जोमाने वाढतो, नंतर मात्र भरण दबते, खचते आणि वजन नसल्याने वाऱ्यात कुंडी कलंडते. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. ते थराच्या वरच अडून बसते, म्हणजे ओलीचिंब माती उलट मुळांच्या जवळ येते. छिद्रांवर जाळीचा तुकडा ठेवावा आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी, एवढे निचऱ्याला पुरते.

लागवड

रोप पिशवीतून काढण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावे. मग मुळांचा गोळा कुंडीतल्या मातीच्या पातळीपेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खाली जाईल अशा बेताने लावावे. बहुतेक झाडांच्या बाबतीत खोड मातीत गाडू नका असे सांगितले जाते. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसला मात्र खोडाची एक-दोन पेरे मातीखाली जाणेच हिताचे. वरचा वेल मर रोगाने गेला, मोडला किंवा गोगलगायींनी खाल्ला तरी त्या गाडलेल्या डोळ्यांतून नवे कोंब येतात. वेलासारख्या न चढणाऱ्या झुडपी जाती आणि सदाहरित जाती याला अपवाद आहेत, त्या होत्या त्याच पातळीवर लावाव्यात.

खोड काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून सोबत आलेली काठी लावून होईपर्यंत काढू नये.

लावल्यानंतर वेल कुंडीतल्या मातीपासून ३० सेंटिमीटरवर, जोमदार डोळ्यांच्या जोडीच्या वर छाटावा. जात कोणतीही असो, पहिली छाटणी हीच. हात जड होतो हे खरे, पण न छाटलेला वेल एकाच दोरीसारखा वर जातो आणि छाटलेला बुंध्यापासून भरतो. फुलावर असलेले रोप आणले असेल तर बहर संपू द्यावा आणि ही छाटणी पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस करावी.

जुन्या वेलांची छाटणी

छाटणी बहराच्या वेळेवरून ठरते. अगदी लवकर फुलणारे अल्पिना आणि मॅक्रोपेटाला गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतात, त्यांना आता हात लावू नये, फुले संपली की आवरावे. पुढे मोठ्या फुलांचे, वसंताच्या शेवटी येणारे. यांची मेलेली आणि कमजोर लाकडे काढून प्रत्येक काडी वरून खाली पाहत यावी आणि पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापावी. उन्हाळ्यात उशिरा फुलणाऱ्या जाती नव्या फुटीवर फुलतात, त्या सरळ ३० सेंटिमीटरवर आणाव्यात. कुंडीसाठीच्या बहुतेक नव्या बुटक्या जाती पुन्हा पुन्हा फुलतात आणि त्यांना दरवर्षीची १५ ते ३० सेंटिमीटरवरची कडक छाटणी मानवते. लेबल हरवले असेल तर एक हंगाम वेल तसाच सोडून फुले जुन्या काडीवर येतात की नव्या, ते पाहावे. सिकेटर दोन वेलांच्या मध्ये स्पिरिटने पुसावे. हातमोजे घालावेत, कारण रसाने त्वचेची आग होते. पाने पोटात जाणे माणसाला आणि पाळीव प्राण्यांनाही अपायकारक आहे.

आधार आताच, कोंब लांबण्याआधी लावावा. क्लेमॅटिस पानाच्या देठाने पकडतो. देठ आखूड असल्याने जाड बांबूला त्याची मिठी बसत नाही, बोटापेक्षा बारीक तार, जाळी किंवा काटक्या लागतात. कोंब सरळ वर न नेता आधाराभोवती तिरके फिरवत बांधावेत, म्हणजे खालची पेरेही फुटतात. वाढीच्या दिवसांत हे काम दर आठवड्याला करावे, कारण गुंता झाल्यावर सोडवताना कोंब हमखास मोडतात.

पाणी, खत, गारवा

उन्हाळ्यात कुंडीची माती रोज बोट घालून पाहावी. वरचा थर सुकला आणि आत बोटभर खाली ओल कमी जाणवली की तळाच्या छिद्रातून निघेपर्यंत पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात वेल मान टाकतो. कुंडीवर ४-५ सेंटिमीटर आच्छादन करावे, ते खोडाला टेकू देऊ नये. कुंडीच्या सावलीसाठी पुढे दुसऱ्या लहान कुंड्या मांडणे हा सर्वांत सोपा उपाय. त्याच कुंडीत सोबतीला उथळ मुळांची हंगामी फुलझाडे चालतील, अन्न ओरबाडणारी दांडगी झाडे नकोत.

डोळे फुटल्यावर दर पंधरवड्याला पालाश (पोटॅश) जास्त असलेले विद्राव्य खत द्यावे. नत्र वाढले की पाने भरपूर आणि फुले थोडी. कळ्या उमलू लागल्या की खत थांबवावे, नाहीतर बहर लवकर आटोपतो. पहिला बहर संपताच वाळकी फुले काढावीत, काड्या तिसऱ्या हिश्शाने आखूड कराव्यात आणि खत पुन्हा सुरू करावे. दुसरा बहर साधारण दीड-दोन महिन्यांत येतो. थंड हवेत पहिली फुले हिरवट निघाली तर घाबरू नये, पुढची रंगावर येतात.

मर रोग

हिरवागार वेल कळ्या धरत असतानाच एखादी काडी एका-दोन दिवसांत लटकते, देठ आणि शिरा काळ्या पडतात. ही बुरशी कॅलोफोमा क्लेमॅटिडिना (जुने नाव फोमा क्लेमॅटिडिना). पाण्याच्या ताणाने सगळा वेल मलूल होतो आणि पाणी दिल्यावर सावरतो, मर रोगाची काडी सावरत नाही. अशी काडी निरोगी भाग लागेपर्यंत, गरज पडल्यास मातीच्या खालीही कापावी आणि जाळावी, कंपोस्टमध्ये टाकू नये. कुंडी मात्र रिकामी करू नये. खोल लावलेला वेल त्याच हंगामात किंवा पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो, आणि लागवडीतल्या त्या ५ ते ७ सेंटिमीटरचा उपयोग इथे होतो. काही वेळा काडी बुरशीने नव्हे, बुंध्याशी वाऱ्याने मुरगळल्यामुळे सुकते, म्हणून बुंध्याजवळ पहिली गाठ घट्ट नाही पण नक्की बांधावी. हा रोग वारंवार येत असेल तर लहान फुलांच्या व्हिटिसेला गटाकडे वळावे, तो क्वचितच बळी पडतो.

कोवळे कोंब रात्री गोगलगायी खातात. टॉर्च घेऊन वेचून काढणे हाच खात्रीचा उपाय. माव्यावर पाण्याची जोरकस फवार पुरते. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली तर आधी मुळे कोरडी पडत नाहीत ना आणि वेलात हवा खेळते ना, हे तपासावे.

दर हिवाळाअखेर वरची ५ सेंटिमीटर माती खरवडून नवे भरण घालावे आणि दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावी. रोपे वाढवायची असतील तर घरच्यासाठी दाब कलम सर्वांत सोपे. काडी शेजारच्या कुंडीत पेरावर दाबून ठेवावी, मुळे धरायला वर्ष लागू शकते. छाटे कलम करताना काप पेराच्या खाली न घेता दोन पेरांच्या मध्ये घ्यावा. विक्रीसाठी रोपे करणाऱ्या उत्पादकांनी मात्र आधी लेबल पाहावे. बहुतेक नव्या बुटक्या जातींवर पैदासकाराचे हक्क असतात, आणि परवान्याशिवाय त्यांची रोपे करून विकता येत नाहीत.