आपला इथला खासदार: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

बँकेचं खातं, जीपीकडे (भागातल्या डॉक्टरकडे) नोंदणी, मुलांची शाळा एवढं मार्गी लागलं की बहुतेकांना वाटतं, स्थिरावलो. मी प्रत्येक नव्या कुटुंबाला आणखी एक काम सांगतो: आपला खासदार कोण ते शोधा. संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की नाव कळतं. कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, 650 खासदार आहेत आणि त्यातला एक तुमचा आहे. तुम्ही व्हिसावर असाल, त्याला मत दिलेलं नसेल, तरीही.

आपण येताना एक समज सोबत घेऊन येतो की खासदार पक्षाची रेघ ओलांडत नाही. भारतात त्याला कारण आहे. 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडणाऱ्याची खासदारकीच जाऊ शकते. इथे तसा कायदा नाही. व्हिप इथेही निघतो, त्यात तीन रेघा मारलेला विषय सर्वांत कडक मानला जातो. पण तो मोडला तर पक्ष फार तर आपल्या संसदीय गटातून काढतो, जागा जात नाही. जुलै 2024मध्ये लेबरच्या सात खासदारांनी स्वतःच्याच नव्या सरकारविरुद्ध मत दिलं. तिसऱ्या मुलापासून पुढे सरकारी मदत न देण्याचा नियम रद्द करा, अशी ती दुरुस्ती होती. सातही जण निलंबित झाले, पण खासदार राहिले. नोव्हेंबर 2025च्या अर्थसंकल्पात सरकारनेच तो नियम उठवण्याची घोषणा केली. सत्ताधारी पक्षातल्यांनी आतून लावून धरलेल्या विषयाला इथे वजन असतं, ते असं.

मंत्र्यांचं मात्र वेगळं. मंत्रिमंडळाचा निर्णय जाहीरपणे पटत नाही म्हणायचं असेल तर आधी पद सोडावं लागतं. इराक युद्धाच्या वेळी लेबर सरकारमधले मंत्री रॉबिन कुक यांनी 17 मार्च 2003 रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि मागच्या बाकांवरून युद्धाविरुद्ध भाषण केलं. दुसऱ्या दिवशी लेबरच्या 139 खासदारांनी सरकारच्या विरोधात मत दिलं. युद्धाचा ठराव तरीही मंजूर झाला, पण कोण कुठे उभं होतं हे कायमचं नोंदलं गेलं. म्हणून तुमचा खासदार मंत्री असेल तर त्याच्याकडून जाहीर टीकेची अपेक्षा धरू नका. तुमचं प्रकरण संबंधित खात्याकडे नेणं मात्र त्याला जमतं, आणि ते मागायला संकोच नको.

बुधवारी दुपारी पंतप्रधानांना विचारले जाणारे प्रश्न टीव्हीवर दिसतात, आणि लोक त्यालाच संसद समजतात. माझ्या मते खरं काम खासदार मंत्र्यांना विचारतात त्या लेखी प्रश्नांत होतं. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ते प्रसिद्ध होतं, आणि पुढे कुणीही त्यावर बोट ठेवू शकतं. ‘अर्ली डे मोशन’वर, म्हणजे एखाद्या विषयाकडे लक्ष वेधायला खासदाराने मांडलेल्या ठरावावर, सही करणं सोपं असतं, त्यातले बहुतेक ठराव चर्चेलाच येत नाहीत. तेव्हा खासदाराने सही केली एवढ्यावर समाधान मानू नका. त्याने मत कुठे दिलं ते बघा. भाषणं हॅन्सार्डमध्ये (संसदेच्या अधिकृत नोंदीत) आणि मतदान नावानिशी संसदेच्या संकेतस्थळावर, सगळं फुकट वाचता येतं.

पत्र किंवा ईमेल लिहाल तेव्हा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घाला, कारण खासदार दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम हाती घेत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तयार मजकूर पाठवू नका. त्याला उत्तरही तयारच येतं. आपली परिस्थिती चार ओळींत लिहा आणि नेमकं मागा: मंत्र्यांना पत्र लिहाल का, लेखी प्रश्न विचाराल का, या विधेयकावर मत कसं देणार आहात? ‘तुमची काळजी समजते’ एवढंच उत्तर आलं तर नम्रपणे तोच प्रश्न पुन्हा विचारा. प्रत्यक्ष भेटायचं तर खासदाराची ‘सर्जरी’, म्हणजे मतदारसंघातल्या लोकांना भेटायची वेळ, असते, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी. वेळ आधी घ्या, कागद नीट लावून न्या.

संसदेच्या संकेतस्थळावरच्या याचिकांचा मार्गही आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणालाही सही करता येते. 10,000 सह्यांना सरकार उत्तर देतं, 1,00,000 झाल्या की चर्चेचा विचार होतो. कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं थांबावं लागेल, हा प्रस्ताव मे 2025मध्ये आला तेव्हा आपल्यातल्या आयटी आणि एनएचएसमधल्या (सरकारी आरोग्यसेवेतल्या) कितीतरी घरांची झोप उडाली. त्याविरुद्धच्या याचिका लाखाच्या पुढे गेल्या आणि सप्टेंबरमध्ये संसदेच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्यावर खासदारांची चर्चा झाली. अशा चर्चेने कायदा बदलत नाही, पण मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आपल्या खासदाराला तिथे हजर राहायला सांगणारी पत्रं अशा वेळी फार उपयोगी पडतात.

आणि मतदार नोंदणी लगेच करा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्टची वाट बघायची गरज नाही. नोंदणी ऑनलाइन होते, आणि मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.