ट्रंकेतली पत्रं वाचायला घेण्याआधी

युद्धावर गेलेल्या माणसाची पत्रं घरात निघाली, तर आधी त्याचा शिपाई नंबर शोधा. माझे आजोबा 1942 साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 1946 साली परतले. नंबर मिळाला डिस्चार्जच्या कागदावर. एकाच नावाचे तिघे निघू शकतात, नंबर मात्र एकाचाच असतो. नंबर, हुद्दा आणि पलटण कळली की मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं.

घरचं माणूस परतलंच नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी पाहा. त्यात दुसऱ्या महायुद्धासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत्यू आहेत, पुष्कळदा वडिलांच्या आणि गावाच्या नावासह. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून शोधा. ज्यांची कबर ठाऊक नाही त्यांची नावं स्मारकांवर असतात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, त्यांचं नाव तिथल्याच कॅसिनो गावातल्या स्मारकावर आहे.

फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका. मी लावली, आणि ती अख्खी ओळ पिवळी पडून गेली. लॅमिनेशन तर नकोच. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

शिक्क्यावर गावाचं नाव शोधू नका. तिथे फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे लष्कराच्या टपाल कचेरीचा, नुसता नंबर असतो. सेन्सॉरमुळे मजकुरातही ठिकाण येत नाही. तारीख पुसली असेल तर घरच्या गोष्टींवरून क्रम लावा. आजोबांनी लागोपाठ तीन पत्रांत एकच विचारलंय, ‘पोरगी चालायला लागली का?’ ती पोरगी म्हणजे माझी आत्या, ते युद्धावर गेल्यावर जन्मलेली.

आत्याला ‘काय आठवतं?’ असं विचारलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. पत्र हातात दिलं, तेव्हा बोलायला लागली. खाकीतला माणूस दारात बघून तिने आईच्या पदरात तोंड लपवलं होतं, आणि पुढे कितीतरी दिवस ती त्यांना ‘पाहुणे’ म्हणायची. असं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. माणूस मध्येच गप्प झालं तरी बंद करू नका.

आजीला लिहिता येत नव्हतं. तिची उत्तरं शाळेतल्या मास्तरांनी मोडीत लिहिली होती, आजोबांनी ती जपून परत आणली. अशी पत्रं असतील तर मोडी वाचणारं कुणीतरी गाठा. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं न वाचता पडून होती. दुसऱ्याच पत्रात होतं, ‘पोरगी दिवाळीपासून चालते.’